ओट्याची उंची

बायको गेल्याचं मला गॅसवरून कळलं. एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टच्या डोक्यावर बसून मी रुळांना तेल देत होतो. खिशातला फोन वाजला. हात तेलाने माखलेले, म्हणून दोन बोटांनी काढला. शेजारीण होती, आमच्या दाराला दार लागून राहणारी. "भावजी," ती म्हणाली, "गॅस मी बंद केलाय. दूध उतरवून ठेवलंय. तुम्ही सावकाश या." मी बरं म्हणालो. बाटलीचं झाकण घट्ट लावलं, फडक्याला हात पुसले, आणि मग डोक्यात आलं की आमच्या घरातला गॅस शेजारणीने का बंद करावा. आणि सावकाश का. काही करण्यासारखं उरलेलं असलं की माणसं लवकर या म्हणतात. लिफ्ट तेव्हा दोन मजल्यांच्या मध्ये अडकवून ठेवलेली होती. ती मी मजल्याला आणून लावली. दार उघडून मिटून पाहिलं. उंबऱ्याशी जरा खाली राहत होती, ते दुरुस्त केलं. चढणाऱ्याचा पाय अडखळता कामा नये, एवढंच आमच्या कामात खरं महत्त्वाचं. मग कपडे बदलून घरी गेलो. कुणाला हे सांगितलं तर तो माझ्या तोंडाकडे बघतो. त्या वेळी मला दुसरं काही सुचत नव्हतं, हातांना सुचत होतं ते हात करत होते.

घरी सगळे बाहेरच्या खोलीत होते. ती आत होती, स्वयंपाकघरात, जमिनीवर, डोक्याखाली कुणीतरी चादरीची घडी दिलेली. ओट्याजवळचा तिचा लाकडी खोका आडवा झाला होता. डॉक्टर म्हणाले की पडण्याच्या आधीच सगळं संपलं होतं, छातीतच. खोक्याचा काही संबंध नाही. पण येणारा प्रत्येक माणूस खोक्याकडे बघायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. शेवटी शेजारणीने तो उचलून गॅलरीत नेऊन ठेवला. "डोळ्यांसमोर नको," म्हणाली. मला तो नसलेला जास्त दिसायला लागला. फरशीवर त्याच्या चार कोपऱ्यांच्या खुणा होत्या, आणि मधली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ होती, तिथे कधी कुणाचा पाय पडलाच नव्हता.

त्या खोक्याचं असं होतं की ओटा तिला उंच पडायचा. बांधणाऱ्याने सगळ्या घरांना एकाच मापाचे ओटे बांधले आणि तो निघून गेला. ती माझ्याशेजारी उभी राहिली की माझ्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीपर्यंत यायची. लग्नात तिच्या मावशीने मला वर बघून विचारलं होतं, "वर हवा कशी आहे हो?" सगळे हसले होते. तीही हसली होती. घरी आल्यावर पहिल्यांदा कणीक मळायला लागली तर खांदे कानाला लागलेले. म्हणाली, "मी काही बुटकी नाही, तुमचं घरच उंच बांधलंय." मग मी कामावरून लिफ्टच्या मोटरच्या पेटीच्या फळ्या आणल्या आणि खोका करून दिला. तात्पुरता. तिचं सगळं आयुष्य त्या तात्पुरत्यावर उभं राहून गेलं. मला ओटा खाली घ्यायचा नव्हता असं नाही. तीच घेऊ द्यायची नाही. बेत मात्र दरवर्षी व्हायचा. संध्याकाळचा चहा झाला की ती कप खाली ठेवून ओट्याकडे तोंड करून उभी राहायची, खोक्यावरून उतरून, आणि कोपर दुमडून दाखवायची. "हे बघा, कोपराच्या खाली चार बोटं. ओटा इथे पाहिजे. आणि फळी इथे, हात वर केला की बरणी हातात यायला पाहिजे, उड्या मारायला लावू नका." मी म्हणायचो, उद्याच फोडतो. की लगेच, "नको बाई. तुम्ही फोडाल आणि निघून जाल ड्युटीवर. धूळ मी काढायची. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी मुलीची फी असायची, नाहीतर छत गळायचं, नाहीतर कुणीतरी आजारी असायचं. मला वाटतं तिला ते स्वयंपाकघर बोलण्यातच आवडायचं. बोलण्यात त्याला धूळ नव्हती.

ती गेल्यावर मुलगी काही दिवस राहिली आणि परत गेली. तिचं घर दुसऱ्या शहरात, नोकरी, सासूबाईंचं दुखणं. जाताना म्हणाली, "बाबा, जेवणाचं काय करणार?" मी म्हणालो, माणसं जेवतात तसंच. पण मला नाही जमलं. ते स्वयंपाकघर जुनं आणि अंधारं होतं हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. मी तिथे पाणी प्यायला जायचो, आणि पाणी प्यायला उजेड लागत नाही. नळ गळत होता, त्याखाली ती नेहमी एक पातेलं ठेवायची आणि ते भरलं की झाडांना घालायची. मला वाटायचं ती मुद्दाम झाडांसाठी पाणी साठवते. कपाटाच्या दारांच्या बिजागऱ्या सुटलेल्या होत्या. दार उचलून, जरा डावीकडे दाबून, मग ओढायचं, हे तिच्या हाताला माहीत होतं. मी ओढलं तर दार हातात आलं. दिव्याचं बटण दाबलं की चटका बसायचा. ती लाटण्याने दाबायची, हे मला शेजारणीने सांगितलं. मी बाहेरचं खाऊ लागलो आणि पोट बिघडलं. एकदा दूध ठेवून बाहेरच्या खोलीत बसलो, आणि कुणीतरी ते उतरवेल असं धरून बसून राहिलो. विसरलो नव्हतो. दूध वर ठेवलंय हे मला माहीत होतं. वास आला तरी मी वाट बघत होतो. शेजारीण धावत आली.

तिने मुलीला कळवलं असणार. मुलीचा फोन आला. तिचा आवाज असा की आधी नवऱ्याशी बोलून ठरवून घेतलंय. "बाबा, घर विकून टाकू. इकडे आमच्याकडे खोली रिकामीच आहे. यांचंही तेच म्हणणं आहे."

"जावईबुवांना म्हणावं, आभारी आहे."

"टोमणे मारू नका. तुम्ही एक दिवस सगळ्या इमारतीसकट जाल."

"इमारतीतल्या लोकांना विचारून जाईन."

"बाबा!"

मग मी म्हणालो, "ऐक. स्वयंपाकघर मी नीट करतो. तिच्या मनात होतं तसं. तू ये, बघ. तुझ्यासमोर स्वतः रांधून जेवलो तर घराचं नाव काढायचं नाही. नाही जमलं तर तू म्हणशील तिथे येऊन पडतो." मग म्हणाली, "ठरलं." लहानपणी पैज लावताना म्हणायची तसंच. घर राहणार की जाणार हे असं स्वयंपाकघरावर येऊन ठेपलं.

गवंडी, सुतार बोलवण्याइतकं माझ्याजवळ नव्हतं. जे होतं ते दिवसकार्यात, आणि नंतरच्या येण्याजाण्यात गेलं होतं. मी रजा टाकली आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराला आम्ही सगळे हेडमास्तर म्हणतो, कारण तो वस्तू देण्याआधी परीक्षा घेतो. "टाइल फोडणार? कशाला? पडतायत का?" नाही. "मग फोडायच्या नाहीत. घासा, सोड्याने धुवा, वर टाइलचा रंग मारा. लिफ्टवाले, तुम्हाला सगळंच नवं पाहिजे, फक्त खिसा जुना." कपाटाची दारं पण त्याने वाचवली. नव्या बिजागऱ्या, वर लॅमिनेट. "गोंद दोन्हीकडे लावायचा आणि वाळू द्यायचा. वाळल्यावर चिकटतो. ओला असताना लावलात तर माझ्याकडे रडत येऊ नका." मी ओला असतानाच लावलं, आणि गेलोही. ओट्याचा दगड भंगारवाल्याकडे मिळाला. कुठल्यातरी बँकेचा काउंटर निघाला होता, काळा, कडा गोल घासलेली. एका टोकाला भोक होतं, साखळीने पेन बांधायचं. ते टोक मी भिंतीकडे घ्यायचं ठरवलं. तिला आवडलं असतं. म्हणाली असती, आता भाजीला पण सही घेणार का.

जुना ओटा फोडायला मला वाटलं त्यापेक्षा कमी वेळ लागला. इतकी वर्षं आम्ही ज्याला घाबरून होतो, तो आतून भुसभुशीत होता. धूळ मात्र ती म्हणायची तशीच झाली. बाहेरच्या खोलीत, अंथरुणावर, चहाच्या पुडीत, माझ्या दातांत. संध्याकाळी मी ओलं फडकं घेऊन जमीन पुसायला बसायचो आणि पुसलेल्या जागेवर पुन्हा धूळ बसताना बघायचो. ती बाहेरच्या खोलीच्या खिडकीतल्या उन्हातून खाली यायची, अगदी हळू. शेजारीण डोकावून म्हणायची, "भावजी, आधी झाडा, मग पुसा. चिखल करताय." मला ते माहीत नव्हतं. मला काय काय माहीत नव्हतं याचा त्या दिवसांत पत्ता लागत होता. भिंतीवर ओट्याच्या वर जिथे तिचा तवा असायचा तिथे तेलाचा थर होता, खरवडला की मेणासारखा निघायचा, आणि त्याला वास होता. कशाचा म्हणून सांगता येणार नाही. दुपारी कामावरून लवकर आलो तर दारात जो वास यायचा तो. पत्र्याच्या धारेने मी तो खरवडून काढत होतो आणि खाली वर्तमानपत्रावर त्याची पिवळी भुकटी पडत होती. नवा रंग बसायचा तर ते काढणं भागच होतं. मी सगळं काढलं. वर्तमानपत्राची पुडी करून कचऱ्यात टाकली.

मापं घेताना मला कागद लागला नाही. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, शर्टाच्या दुसऱ्या गुंडीवर बोट ठेवलं, तसंच बोट भिंतीला नेऊन पेन्सिलची रेघ मारली. तिथून खाली मोजत आलो. खांदा, कोपर, कोपराखाली चार बोटं. तिथून वर गेलो. डोकं, वर केलेला हात, बरणी. हात इतका सरळ चालत होता की मी शीळ घालत होतो हे मला शेजारणीने सांगितल्यावर कळलं. पाणसळ लावली, तिच्या नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन थांबला. विटांचे पाय बांधले. दगड ठेवायला कामावरचा लंबू आला. तो माझ्याहूनही वीतभर उंच आहे. आम्ही दोघांनी दगड उचलून पायांवर सरकवला. लंबू घाम पुसत मागे झाला, मान तिरकी करून बघत म्हणाला, "खाली वाटतो रे."

"तुला अख्खं जगच खाली वाटतं."

"तेही खरंच," तो हसला. "बाकी झकास. वहिनी खूश झाल्या असत्या." मग त्याने जीभ चावली आणि चहा न पिताच गेला.

मग काम पळत सुटलं. नवा नळ बसवला, तो गळत नव्हता. बटण बदललं. दारं सरळ लागली, एका बोटाने उघडत होती. टाइल पांढऱ्या झाल्या, कुठे कुठे जुनं फूल आतून पुसट दिसत होतं, पण हेडमास्तर म्हणाला की दुसरा हात दिला की जाईल. फळी लावली. खिडकीवरचा जुना काळा झालेला पत्रा काढून काच घातली आणि दुपारी पहिल्यांदा त्या खोलीत ऊन ओट्यापर्यंत आलं. काळ्या दगडावर ते चौकोनी पडलं होतं. मी दारात उभा राहून बघत होतो. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी बरोबर झाल्यासारखं वाटलं. लिफ्ट उंबऱ्याला नेमकी लागते तेव्हा वाटतं तसं. म्हटलं, आता मुलीला बोलवावं. आधी स्वतः करून बघू. तांदूळ घेतले, धुवायला नळाखाली गेलो, आणि कमरेत असा वाकलो की कपाळ नळाला लागायला आलं. तांदूळ धुतले. सरळ व्हायला गेलो तर डोकं फळीवर आपटलं. एक बरणी खाली आली. ती फुटली नाही, गडगडत दारापर्यंत गेली. मी पुन्हा वाकलो, कांदा चिरायला. सुरी कुठेतरी माझ्या मांड्यांशी चालत होती. पाय फाकवून उभा राहून पाहिलं, गुडघे वाकवून पाहिलं. दगडावर हात टेकले तर दोन्ही हात सरळ खाली जात होते. तेव्हा मला दिसलं की मी काय केलं. सगळं मापाबरहुकूम होतं. एक बोट चुकलं नव्हतं. फक्त त्या मापाचं माणूस नव्हतं.

मी जमिनीवर बसलो. भात तसाच शिजत होता, त्याचं झाकण वाजत होतं. रडू आलं असं नाही. मी डोक्यात जाऊन शोधत होतो की पेन्सिलची रेघ मारताना मला माहीत होतं की नव्हतं. ती नाही हे मला माहीत होतं, दररोज माहीत होतं, सकाळी डोळे उघडायच्या आधी माहीत असायचं. आणि बोट गुंडीवर ठेवतानाही ते माहीतच असणार. पण दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटल्या नव्हत्या. एक डोक्यात होती, एक हातात. मला वाटतं मी त्या दिवसांत ज्याला बरं वाटणं म्हणत होतो ते एवढंच होतं. मी कुणाच्या तरी येण्याची तयारी करत होतो.

दुसऱ्या दिवशी शेगडीखाली विटा घालून पाहिल्या. हाताला बरं पडलं. पण बाहेरच्या खोलीतून बघितलं तर ते स्वयंपाकघर राहिलं नाही. रस्त्याचं काम करणारी माणसं कडेला चूल मांडतात तसं दिसत होतं, आज इथे, उद्या दुसरीकडे. विटा काढून टाकल्या. दगड उचलून पाय वाढवणं कठीण नव्हतं. लंबूला हाक मारली असती तर एका सकाळचं काम. त्या एका सकाळसाठी मी लंबूला फोन करायला बसायचो आणि हवापाण्याचं बोलून फोन ठेवून द्यायचो. तो म्हणायचा, काही काम होतं का. मी म्हणायचो, छे रे, सहज.

मुलगी आली ती एकटीच. चपला काढल्या न काढल्या तोच आत गेली. मी बाहेर थांबलो. आतून काही आवाज नाही. मग नळ सोडल्याचा आवाज आला, मग कपाटाचं दार, मग पुन्हा काही नाही. मी दारात गेलो तर ती ओट्याशी उभी होती. आईचीच उंची घेतलीय तिने. हात दगडावर टेकलेले, कोपर दुमडलेले, खांदे सैल. तिने हात वर केला आणि न बघता फळीवरची बरणी काढली. "बाबा," ती म्हणाली, "किती छान केलंत. मला वाटलं नव्हतं." मग ती वळली. माझ्याकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. लहानपणी गणित सुटत नसलं की बघायची तसं. "तुम्ही या इथे. उभे राहा."

"चहा घे आधी."

"तुम्ही करा. मी बघते."

मी चहा केला. पाठ दुखत नसल्यासारखा वाकलो. फळीखालून डोकं वाचवत, एका कुशीला होऊन पातेलं धुतलं, कारण तेवढं आता मला जमत होतं. कप तिच्या हातात दिला. तिने घेतला नाही. "असं किती दिवस करणार?"

"सवय होते."

"कशाची सवय? रोज कमरेत मोडून घ्यायची?" तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "बाबा, हे वाढवता येईल ना? तुम्हीच केलंय. तुम्हाला येतं."

"येतं की. सोपं आहे."

"मग वाढवा. मी दोन दिवस आहे. लंबूकाकांना बोलवू. ओटा तुमच्या मापाचा करा, फळी वर घ्या, आणि खुशाल राहा इथे. मी घराचं नाव काढणार नाही. मी शब्द पाळते."

तिने खरंच मनापासून सांगितलं होतं. तिने घर माझ्या हातात आणून दिलं होतं, मला फक्त हो म्हणायचं होतं. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो पीपी आवाज चालू होता. तो थांबला की बोलू असं मी ठरवलं. तो थांबला. मी दगडाच्या गोल कडेवरून बोट फिरवत राहिलो. मुलगी वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावरची आशा हळूहळू जाताना मी बघत होतो आणि मला काही करता येत नव्हतं.

"नको," मी म्हणालो.

"नको म्हणजे?"

"राहू दे आहे तसं. मी येतो तुझ्याकडे."

ती खाली बसली, भिंतीला टेकून. मग नाक ओढून म्हणाली, "आईला फार आवडलं असतं हो." आणि जरा वेळाने, चिडून नव्हे, समजावल्यासारखं, "पण बाबा, घर गेलं की जो घेईल तो हे सगळं पाडूनच टाकेल. ते तरी कळतंय ना तुम्हाला?"

कळत होतं. मी तसं म्हणालो. त्या दुपारी स्वयंपाक तिने केला. पाठ ताठ ठेवून, भराभर, एकदाही मागे न बघता. मी बाहेर बसून भांड्यांचे आवाज ऐकले. जेवताना आम्ही जावईबुवांच्या नोकरीबद्दल बोललो. तिच्याकडची रिकामी खोली पूर्वेला आहे, सकाळी ऊन येतं म्हणाली. जाताना तिने शेजारणीच्या हातात घराची एक किल्ली दिली, बघायला माणसं येतील म्हणून.

माणसं येतात. स्वयंपाकघरात डोकावतात, नवीन आहे म्हणतात, ओट्याकडे बघून एकमेकांकडे बघतात. बायका दगडावर तळवा टेकवून पाहतात आणि उचलतात. मी काही सांगत नाही. त्यातल्याच एकांशी ठरलं, पुढच्या आठवड्यात सह्या आहेत. सामान बांधून झालंय, भांडी तेवढी वर आहेत. शेगडीमागच्या टाइलला रंगाचा दुसरा हात द्यायचा राहिला आहे, तिथे जुनी फुलं अजून दिसतात.